अकरा मुलांच्या दुपारच्या गोळ्या

तिचं नाव शाळेत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. शिक्षक, शिपाई, पालक, सगळे तिला सिस्टर म्हणत. मुलं तोंडावर सिस्टर म्हणत आणि पाठ फिरली की गोळीबाई. अठरा वर्षं बायकांच्या वॉर्डात काढलेल्या माणसाला असल्या नावांचं काही वाटेनासं होतं. मणका सरकला, पेशंटला उचलणं-वळवणं बंद झालं, म्हणून तिने शाळेतली नोकरी धरली. तेव्हा सगळ्यांनी तिला नशीबवान ठरवलं. नवरा छापखान्यात कामाला, दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात उभा. तो म्हणाला, "आता मज्जा आहे तुझी. गुडघा फुटला की पट्टी, पोट दुखलं की घरी फोन. संपलं!"

संपलं कुठलं. वॉर्डातला पेशंट खाटेवर असतो. पळून पळून तो कुठे पळणार? इथल्या पेशंटांना दोन-दोन पाय होते आणि समोर भलंमोठं मैदान होतं.

शाळेत रोज दुपारी औषध घ्यायची मुलं होती अकरा. मधली सुट्टी तीस मिनिटांची. त्यात डबा, नळावरची रांग, खेळ, भांडणं, आणि एवढं सगळं उरकून वेळ राहिलाच तर जिन्याखालचा सिस्टरचा दवाखाना. सुट्टी झाली की ऑफिसातला क्लार्क माईकवरून नावं पुकारायचा. अमुक इयत्ता, तमुक तुकडी, गोळीसाठी दवाखान्यात यावे. सगळ्या शाळेला ऐकू जायचं. ही पद्धत तिच्या आधीपासूनची होती. तिने ती बदलली नाही, कारण जिने चढून वर्गावर्गात जाणं पाठीला झेपत नव्हतं.

नावं पुकारून झाली की जेमतेम चार मुलं यायची. बाकीच्यांना धरून आणायला लागायचं. नववीतल्या लंबूला चित्त थाऱ्यावर राहावं म्हणून गोळी होती. तो तिच्या फिरत्या खुर्चीत बसून गरागरा फिरत म्हणायचा, "सिस्टर, खरं सांगतो, मी आता एकदम शांत झालोय. मला गरज नाही." पाचवीतला एकजण दम्याचा पंप घरीच विसरायचा, कारण खिशात ठेवला की चड्डी फुगलेली दिसते म्हणून मुलं हसत. एका मुलीच्या आईने गोळ्या पाठवल्या त्या जॅमच्या रिकाम्या बाटलीतून, वर ना नाव ना चिठ्ठी. सिस्टरने फोन करून विचारलं, "कसल्या गोळ्या आहेत ह्या?" आई म्हणाली, "पांढऱ्या." चिठ्ठी मिळेपर्यंत सिस्टर त्या बाटलीला हात लावणार नव्हती, आणि चिठ्ठी यायला नऊ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत त्या आईचे तीन फोन आले, माझ्या मुलीला औषध का देत नाही म्हणून.

सुट्टी संपली की शिक्षकांची बारी. "आता तास सुरू झालाय, आता नाही सोडणार." मग संध्याकाळी ती रजिस्टर उघडून बसायची. ज्याने गोळी घेतली त्याच्या नावापुढे बरोबरची खूण, नाही घेतली तर रिकामं. आठवड्याच्या शेवटी रजिस्टर मोठ्या बाईंकडे जायचं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "एवढ्या रिकाम्या जागा कशा काय, सिस्टर?"

ह्या सगळ्या नाकी नऊ आणणाऱ्या गोतावळ्यात एकच मुलगी होती जिचा तिला म्हणून काही ताप नव्हता. आठवीतली. धावायला अशी चपळ, की लहानपणापासून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिला फिट यायच्या. दिवसातून तीन गोळ्या होत्या. सकाळची आणि रात्रीची आई द्यायची, दुपारची सिस्टर. नाव पुकारायच्या आधीच भिंगरी दारात उभी असायची. गोळी तोंडात टाकायची, पेल्यातलं पाणी प्यायची, पेला बाहेरच्या बेसिनला विसळून जागेवर ठेवायची आणि जायची. एक शब्द नाही. सिस्टर तोवर लंबूला खुर्चीतून उठवत असायची. रजिस्टरातल्या भिंगरीच्या रांगेत सहा महिने एकही जागा रिकामी नव्हती. मोठ्या बाईंसमोर सिस्टर तीच रांग बोटाने दाखवायची.

मग एका सोमवारी भिंगरीचे वडील आले. गोदामात मालाची चढ-उतार बघणारा माणूस, आवाज मोठा, पण त्या दिवशी खालच्या पट्टीत बोलत होते. रविवारी मावशीकडे गेलेले असताना मुलीला फिट आली होती. दोन वर्षांनी पहिल्यांदा. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित आहेत का?

"मी म्हटलं, साहेब, घरी तिची आई देते आणि शाळेत सिस्टर स्वतः देतात, रजिस्टरला नोंद आहे," वडील म्हणाले. "मग ते म्हणाले, ह्या डोसने भागत नाही. तिन्ही वेळचा वाढवून दिलाय."

त्यांनी नवी पाकिटं टेबलावर ठेवली. गोळ्या गुलाबी, आधीच्या पांढऱ्यांपेक्षा मोठ्या. सिस्टरने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, पाकिटावर नाव लिहिलं, कपाटात ठेवलं. मनात कुठे किंतु आला नाही.

दहा-बारा दिवसांनी झाडलोट करणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात एक मळका रुमाल होता, कोपऱ्याला गाठ मारलेला.

"बेसिनच्या पाइपामागे कोंबलेला होता," मावशी म्हणाल्या. "उंदरांचं औषध असेल म्हणून उघडून बघितला. ह्या तुमच्यातल्याच ना, सिस्टर?"

गाठीत सात गोळ्या होत्या. भिजून कडा विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. चार गुलाबी आणि तीन पांढऱ्या. शाळेत गुलाबी गोळी एकाच मुलीला होती.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग मुलीचा होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. अठरा वर्षांत एकाही म्हातारीने तिला असं फसवलं नव्हतं. वॉर्डात नव्या नर्सेसना तीच शिकवायची, की गोळी घशाखाली जाईपर्यंत पेशंटच्या तोंडावरून नजर हलवायची नाही. आणि इथे सहा महिने ती लंबूच्या मागे धावत राहिली आणि जी मुलगी त्रास देत नव्हती तिच्याकडे तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. नुसत्या खुणा केल्या.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली तेव्हा तिने दार लोटून घेतलं.

"घे. माझ्यासमोर. गीळ. आता तोंड उघड. जीभ वर कर."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिने गोळी गिळली, तोंड उघडलं, जीभ वर केली.

"रुमाल मिळालाय मला," सिस्टर म्हणाली. "आजपासून हे असंच होणार. कळलं?"

भिंगरीने मान डोलावली. का, कशासाठी, कधीपासून, ह्यातलं सिस्टरने काही विचारलं नाही. वडिलांनाही कळवलं नाही. आधी गाडी रुळावर आणू, मग सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. खरं म्हणजे सांगायची लाज वाटत होती.

तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी शेवटच्या तासाला वरून आरडाओरडा ऐकू आला. भिंगरी जिन्यावरून पडली होती. फिट नव्हती. शुद्धीत होती, पण डोळ्यांवर एवढी झापड की पापण्या उचलत नव्हत्या. हनुवटी फुटली होती.

"पायरी दिसली नाही का तुला?" जखम पुसता पुसता सिस्टरने विचारलं.

"दिसली," भिंगरी जड जिभेने म्हणाली. "दोन-दोन दिसत होत्या. मी चुकीच्या पायरीवर पाय ठेवला."

सिस्टरचा हात थांबला. सगळं तिच्या डोक्यात एकदम उलगडलं. दुपारची गोळी पोटात जातच नव्हती, म्हणून फिट आली. डॉक्टरांना वाटलं की जाते आहे, म्हणून त्यांनी तिन्ही वेळचा डोस वाढवला. सकाळ-रात्रीचा वाढलेला डोस पोटात जात होता, आणि त्यावर आता तिने स्वतः, जीभ वर करायला लावून, दुपारचाही घालायला सुरुवात केली होती. तिच्या खोट्या खुणांवर बेतलेलं औषध तिनेच खरं करून दाखवलं होतं.

तिने तिथल्या तिथे डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, "डॉक्टर पेशंट बघतायत." पुन्हा लावला. "मेसेज ठेवा." तिसऱ्यांदा सिस्टर म्हणाली, "बाई, मीही नर्स आहे. मुलीला दोन-दोन दिसतंय. मी फोन ठेवणार नाही, तुम्ही आत जाऊन सांगून या." पाच मिनिटं फोन कानाला धरून ती उभी राहिली. निरोप आला, आजची रात्रीची गोळी निम्मी द्या, रात्रभर मुलीवर लक्ष ठेवा आणि उद्या सकाळी तिला घेऊन या.

मग तिने वडिलांना बोलावलं आणि सगळं सांगितलं, रुमालापासून. ती पुढे म्हणाली, "चूक माझी आहे. मी बघायला हवं होतं. रुमाल मिळाला त्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं."

वडिलांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते मुलीकडे बघत होते. "फेकत होतीस? आम्ही जिवाचं रान करतोय आणि तू गोळ्या फेकत होतीस?" हात उगारून ते पुढे झाले. सिस्टर मधे येऊन उभी राहिली. पाठीतून कळ गेली तरी हलली नाही.

"मारून गोळी पोटात जात नाही, दादा. खाली बसा. मीही तिला काही विचारलं नाही, तुम्हीही विचारत नाही. आधी विचारू या तरी."

भिंगरी खाटेवर बसून जमिनीकडे बघत होती. मग बोलायला लागली ती थांबेना. दुपारची गोळी घेतली की अर्ध्या तासात झोप येते. सुट्टीनंतर गणिताचा तास. तिला पेंग यायची आणि सर फळ्यापाशी उभं करायचे. एकदा उभ्या उभ्याच डोळा लागला. तेव्हापासून भिंगरी हे नाव गेलं, वर्ग तिला पेंगुळबाई म्हणायला लागला. आणि माईकवरून नाव पुकारलं की मागच्या बाकावरची मुलं घोरल्याचा आवाज काढायची. म्हणून ती पुकारायच्या आधीच येऊन उभी राहायची.

"रोज येऊन उभी राहत होतीस ती ह्यासाठी?" सिस्टरने विचारलं.

"मला वाटलं, मी आधीच आले तर माझं नाव घेणार नाहीत," भिंगरी म्हणाली. "पण तरी घ्यायचे. क्लार्ककडे यादी होती ना."

"मला सांगायचंस तरी."

"तुम्ही कामात असायचात."

सिस्टरने तिच्या हनुवटीवरची पट्टी नीट केली.

वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांना हे बहाणे वाटत होते की खरं, ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. "गणितात कमी मार्क पडले म्हणून मी हिला बोललो होतो," ते एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने रजा टाकली आणि बाप-लेकीबरोबर गेली. अडीच तास बाकावर बसावं लागलं. आत गेल्यावर डॉक्टरांनी चार मिनिटांत सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासायला पाठवलं, डोस खाली आणला. मग सिस्टरने विचारलं, "दुपारची गोळी टाळता येईल का? सकाळ-रात्र अशी दोनदाच?"

"येईल की," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू विरघळणारी येते, ती देऊ. आधी कुणी का नाही सांगितलं दुपारी झोप येते म्हणून?"

बाहेर आल्यावर सिस्टरला हसावं की रडावं कळेना. एका प्रश्नाचं काम. सहा महिन्यांत कुणीच तो विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, घरच्यांनी नाही, गणिताच्या सरांनी नाही आणि तिने स्वतः तर नाहीच नाही.

आता हे सगळं रजिस्टरात लिहायचं होतं. भिंगरीच्या जुन्या खुणा तिने खोडल्या नाहीत. खाली लाल शाईने लिहिलं, की ह्या खुणा खात्रीच्या नाहीत, गोळ्या थुंकल्या गेल्या असाव्यात, आणि सही केली. मोठ्या बाईंनी ते वाचलं आणि रजिस्टर मिटून ठेवलं.

"हे लेखी कशाला, सिस्टर? उद्या तपासणीला कुणी आलं तर शाळेची काय शोभा राहील?"

"खरं आहे ते, बाई."

"खरं तोंडी सांगता येतं." मग त्यांनी कागद पुढे ओढला. "बरं, झालं ते झालं. आता पुन्हा नको. उद्यापासून प्रत्येक मुलाचं तोंड टॉर्चने तपासायचं. शिपाई साक्षीदार. दोघांच्या सह्या."

सिस्टरने सांगून पाहिलं, की तोंड तपासूनच ती मुलगी जिन्यावरून पडली. मोठ्या बाईंना त्याचा अर्थ काही लागला नाही. त्यांचा हुकूम लागू झाला. माईकवरून नावं, दारात शिपाई, आत टॉर्च. खिडकीबाहेर मुलांची ही गर्दी, आत काय गंमत चाललीय ते बघायला. पहिल्या दिवशी अकरापैकी सहा आली, भिंगरी आता नव्हतीच, म्हणजे दहापैकी. चौथ्या दिवशी दोन. लंबूने तर सुट्टीत शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी मारून पाय मुरगळून घेतला. त्याचा पाय बांधताना सिस्टर एवढी वैतागली होती की पट्टी दोनदा उलटी गुंडाळली गेली.

"का रे बाबा? एवढीशी गोळी," ती म्हणाली. मग स्वतःचं बोलणं स्वतःलाच ऐकू आल्यासारखी थांबली आणि पुन्हा विचारलं, पण आता खरंच उत्तर हवं होतं म्हणून. "का घेत नाहीस?"

लंबूने आधी तिच्याकडे संशयाने बघितलं. "भूक मरते," तो म्हणाला. "डबा खायच्या आधी घेतली की डबा तसाच परत जातो. मग आई रडते."

"डबा खाऊन मग घेतलीस तर?"

"तेवढ्यात सुट्टी संपते ना. तुम्हीच ओरडता, आधी गोळी, मग डबा."

तिने त्याच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. जेवणानंतर चालणार होती.

शुक्रवारी ती मोठ्या बाईंकडे गेली ती रजिस्टर घेऊनच. टॉर्चच्या आठवड्यातल्या रिकाम्या जागा त्यांच्यासमोर ठेवल्या. "बाई, टॉर्चमुळे आकडा दोनवर आलाय. तपासणीला हेच दाखवायचंय का?" खरेपणाने जे झालं नव्हतं ते आकड्याने झालं. मोठ्या बाईंनी हुकूम मागे घेतला नाही. पण शिपाई सोमवारपासून फाटकावर परत गेला आणि टॉर्चबद्दल पुन्हा कुणी विचारलं नाही. माईक मात्र सिस्टरने स्वतःच बंद केला. क्लार्ककडून यादी मागून घेतली आणि पर्समध्ये टाकली.

मग प्रत्येकाचं वेगळं गणित मांडणं आलं. दोघं ग्रंथालयात पुस्तक बदलायला जाताना वाटेत यायची. दम्याचा पंप तिने स्वतःकडेच ठेवला, आणखी एक पीटीच्या सरांकडे. एका सहावीतल्या मुलीला फक्त पाणी गार नको होतं, दात ठणकायचा. हे कळायला दीड वर्ष लागलं होतं. लंबू सुट्टी संपता संपता यायचा, आणि त्याच्या तासाच्या सरांशी तिला रोज पाच मिनिटांसाठी हुज्जत घालायला लागायची. एका मुलाने तर काही केल्या कारण सांगितलं नाही. रोज येऊन म्हणायचा, "नकोय." ती रोज रिकाम्या जागेत लिहायची, "नकोय म्हणाला," आणि त्याच्या घरी फोन करायची, आणि घरचे म्हणायचे, "तुम्हीच बघा आता, आमचंही ऐकत नाही."

नवऱ्याने एकदा रात्री जेवताना विचारलं, "मग, आता सगळी घेतात का?"

"कुठली सगळी," ती म्हणाली. "सात घेतात. एखाद्या दिवशी आठ."

"मग एवढी उरस्फोड करून काय मिळवलंस?"

तिने ताट पुढे सारलं. "आधी मला अकराची रांग दिसायची," ती म्हणाली. "आता तो नकोय म्हणणारा का घेत नाही ह्याने माझी झोप जाते. मिळवलं म्हणशील तर हेच."

वर्षाच्या शेवटी भिंगरी पास झाली. गणितात काठावर. मधे एकदा परीक्षेच्या दिवसांत तिला बारीकशी फिट आली होती, पण डॉक्टरांनी डोसला हात लावला नाही. शाळेच्या शर्यतीत ती पुन्हा धावायला लागली आणि तिसरी आली. पेंगुळबाई हे नाव मात्र वर्गाने सोडलं नाही. सिस्टरने गणिताच्या सरांना त्याबद्दल दोनदा टोकलं. ते म्हणाले, "मुलं आहेत, चालायचंच," आणि वह्या तपासायला लागले.

दवाखान्यात भिंगरीचं आता काही काम नव्हतं. व्हरांड्यात सिस्टर समोर आली की ती नजर चुकवून जायची. जीभ वर करायला लावलेले ते तीन दिवस ती विसरली नव्हती. सिस्टरने तिला हाक मारली नाही. सुट्टीची घंटा झाली होती आणि दम्याचा पंप घ्यायला पाचवीतलं पोर अजून आलेलं नव्हतं. पाठीला पट्टा आवळून ती मैदानाकडे निघाली.